भांडण झालं की मी गप्प बसतो, तरी ती आणखी चिडते

प्रश्न: माझं वय ४४. डोंबिवलीत राहतो, फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. घरी शाळेत शिक्षिका असलेली पत्नी, नववीतला मुलगा आणि वडील गेल्यापासून आमच्याकडे राहायला आलेली आई. संध्याकाळी घरी पोचलो की कुणाशी बोलायची इच्छाच राहत नाही. पत्नी म्हणते, "तुम्ही घरात असून नसल्यासारखे असता." आईचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. मी उलट बोलत नाही, गप्प बसतो किंवा चपला घालून खाली निघून जातो. त्याचा तिला जास्तच राग येतो. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. मधूनच छातीत धडधडतं. ऑफिसात माणसं कमी करणार अशी चर्चा आहे, पण घरी कुणाला सांगितलेलं नाही. घरात शांतता कशी आणावी?

उत्तर: आई, पत्नीचा राग, झोप यांबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. ऑफिसातल्या कपातीबद्दल मात्र एकच वाक्य आहे, तेही शेवटी, जाता जाता. मला वाटतं, सुरुवात तिथूनच करावी लागेल. ही चर्चा कधी सुरू झाली आणि घरातली भांडणं कधीपासून वाढली, हे जरा मनाशी जुळवून बघा. बहुधा जुळेल.

हेच सगळं तुमच्या पत्नीला कसं दिसत असेल? नवरा घरी येतो तो उतरलेल्या चेहऱ्याने. "काय झालं?" "काही नाही." जेवताना नजर मोबाइलमध्ये. रात्री कूस बदलत जागा. विचारलं तर पुन्हा "काही नाही". कारण कळलं नाही की माणूस स्वतःच कारण शोधायला लागतो आणि जवळचं माणूस ते बहुतेक वेळा स्वतःतच शोधतं. माझं काही चुकलं का? सासूबाईंनी काही सांगितलं का? दुसरं कुणी आहे का? हा तिसरा प्रश्न समुपदेशनाला आलेल्या कितीतरी बायकांनी माझ्यासमोर अगदी दबक्या आवाजात विचारलाय आणि चार बैठकांनंतर उलगडतं की नवऱ्याच्या डोक्यात फक्त गृहकर्जाचा हप्ता होता.

"ऑफिस घरात आणायचं नाही" हे तत्त्व बरेच पुरुष अभिमानाने सांगतात. मला ते अर्धंच पटतं. ऑफिसच्या फायली घरी आणू नका, जरूर. पण ऑफिसची भीती तुम्ही रोज घरी आणताच आहात. ती सगळ्यांना जाणवते, फक्त ती कशाची आहे हे कुणाला माहीत नाही.

पुढे जाण्याआधी छातीतल्या धडधडीचं. या आठवड्यातच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ईसीजी, रक्तदाब, रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन हे सगळं बघून घ्या. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढलं तरी धडधडतं, रक्त कमी असलं तरी धडधडतं. "टेन्शनमुळे असेल" हे तपासण्या झाल्यावर म्हणायचं, आधी नाही. आणि धडधडीबरोबर छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम किंवा धाप असं काही झालं, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आता तुमच्या गप्प बसण्याकडे येऊ. तुम्ही त्याला संयम समजता, पत्नीला तो तिरस्कार वाटतो. माझ्या मते ते दोन्ही नाही. जोडप्यांवर काम करणाऱ्यांना हे चक्र फार ओळखीचं आहे: एक जण विषय लावून धरतो, दुसरा मागे सरतो. दुसरा मागे सरला की पहिल्याला वाटतं आपलं ऐकलंच जात नाहीये, म्हणून तो आवाज चढवतो. आवाज चढला की दुसरा आणखी मागे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी यावर बरंच संशोधन केलं. १९९० साली त्यांनी आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी दाखवलं की बायकोला काही बदलायला हवं असतं, तेव्हा "ती मागे लागते, तो पळतो" हे चित्र ठळक दिसतं. ज्या गोष्टीत नवऱ्यालाच बदल हवा असतो, तिथे मात्र हा फरक जवळपास पुसला जातो. म्हणजे बायका भांडकुदळ आणि पुरुष अबोल असा हा स्वभावाचा मामला नाही. ज्याला बदल हवा असतो तो विषय काढतो, ज्याचं आहे त्यात भागतंय तो टाळतो. मुलाने अभ्यास करावा म्हणून तुम्ही त्याच्या खोलीच्या दारात उभे राहता, तेव्हा मागे लागणारे तुम्ही असता आणि "हो, करतो" म्हणून तोंड फिरवणारा तो.

या गप्प बसण्याला शरीराचीही बाजू आहे आणि ती कळली की स्वतःवरचा राग थोडा कमी होतो. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९८६ मध्ये एक प्रयोगशाळा सुरू केली. तिथे जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवत आणि त्याच वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत. दगडासारखा बसलेला माणूस आतून शांत नसतो, असं त्यांना आढळलं. त्याचे ठोके अनेकदा मिनिटाला १००च्या वर गेलेले असतात. त्या अवस्थेत समोरच्याचं बोलणं नीट आत जात नाही, विनोद सुचत नाही, दुसऱ्याची बाजू दिसत नाही. शरीराला एवढंच कळतं की धोका आहे, इथून निघा. तुम्ही चपला घालता ते त्या क्षणी.

म्हणून मी तुम्हाला "बायकोसमोर बसून राहा, ऐकून घ्या" असं सांगणार नाही. त्या अवस्थेत बसून काही हाती लागत नाही. जा, पण सांगून जा आणि परत या. सगळा फरक या दोन गोष्टींत आहे. तुमच्या पत्नीला तुमच्या जाण्यापेक्षा त्या जाण्याला शेवट नसण्याचा त्रास होतो. तुम्ही तासाभराने वर येता, टीव्ही लावता, विषय तिथेच पडतो. दोन दिवसांनी तोच विषय दुसऱ्या कशावरून तरी वर येतो.

पुढच्या वेळी डोकं गरम व्हायला लागलं की इतकंच म्हणा: "मला हे टाळायचं नाहीये, पण आत्ता माझं डोकं चालत नाहीये. मी खाली एक फेरी मारून येतो. साडेनऊला आपण परत बसू." वेळ ठरवून सांगा. वीस मिनिटांपेक्षा कमी नको, कारण चढलेले ठोके खाली यायला तेवढा वेळ लागतो. आणि त्याच रात्री परत बसणं जमणार नसेल, तर उद्याची वेळ सांगा. जो उठून गेला त्यानेच विषय पुन्हा काढायचा, ही अट मी नेहमी घालते. तुम्ही वर आलात आणि पत्नीलाच पुन्हा विचारावं लागलं, तर या सगळ्याचा उपयोग शून्य. "हं, तू आईच्या औषधांबद्दल म्हणत होतीस" असं तुमच्या तोंडून यायला हवं. पहिल्यांदा तुम्ही हे म्हणाल तेव्हा त्यांना नवल वाटेल, कदाचित विश्वासही बसणार नाही. तीन-चार वेळा वेळेवर परत आलात की मग त्यांचाही आवाज आपोआप उतरायला लागतो.

खाली फेरी मारताना काय करायचं, हेही महत्त्वाचं. बहुतेक जण त्या वेळात मनातल्या मनात भांडण पुढे चालवतात: "ती असं म्हणाली, मी असं म्हणायला हवं होतं." त्याने ठोके उतरत नाहीत. गॉटमन यांच्या एका प्रयोगात वाद रंगात आलेल्या जोडप्यांना यंत्रात बिघाड आहे असं सांगून थांबवलं आणि अर्धा तास मासिकं चाळायला दिली. नंतर त्याच विषयावर बोलताना त्यांचे ठोके खाली आलेले होते आणि बोलणंही निवळलं होतं. कुणी त्यांना उपदेश केला नव्हता, मन दुसरीकडे गेलं होतं एवढंच. तेव्हा खाली गेलात तर वाण्याकडे उभं राहून चार शब्द बोला, क्रिकेटचा स्कोअर बघा, श्वास सावकाश सोडत चाला. फक्त ऑफिसचे मेल उघडू नका.

आता कपातीची बातमी घरी सांगण्याबद्दल. सांगाच. तुम्ही ती पत्नीला त्रास नको म्हणून लपवलीत, हे मला मान्य आहे. पण त्रास त्यांना होतोच आहे, वर वाट्याला येणारा धीर मात्र मिळत नाही. त्या शिक्षिका आहेत, घरात पगार आणतात आणि संकटाच्या वेळी हातपाय गाळतील असं मानायला तुमच्या पत्रात तरी काही आधार नाही.

कसं सांगायचं? रात्री दहानंतर नको, आई हॉलमध्ये ऐकत असताना नको, मुलासमोर पहिल्यांदा नको. शनिवारी सकाळी दोघंच बाहेर पडा, नाश्त्याच्या निमित्ताने का होईना. आणि आकडे घेऊन जा. नुसतं "नोकरी जाऊ शकते" ऐकलं की मनात येईल ती वाईट कल्पना येते. आकडे असले की भीतीला मर्यादा पडते. महिन्याचा घरखर्च किती, हप्ता किती, बचतीतून किती महिने निघतील, नेमणूकपत्रात नोटिशीचा काळ किती लिहिलाय, पीएफमध्ये किती जमा आहे, पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी किती बसेल. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवलेत, एक स्वतःच्या घराचा जुळवा.

त्यांची पहिली प्रतिक्रिया काळजीची नसेल, रागाची असेल: "हे मला आत्ता सांगताय?" तो राग घ्या. "मी तुझ्यासाठीच" असं म्हणून लगेच स्वतःचा बचाव करू नका. "हो, आधी सांगायला हवं होतं. मला भीती वाटत होती," एवढं पुरे. "मला भीती वाटते" हे वाक्य आपल्याकडच्या पुरुषांच्या तोंडून निघता निघत नाही. माझ्या खोलीत ते जेव्हा निघतं, तेव्हा शेजारी बसलेल्या पत्नीचा चेहरा कसा बदलतो ते मी अनेकदा पाहिलंय.

राहिला आईचा प्रश्न. तुम्ही लिहिलं नाहीये, पण अंदाज करते: आई तुमच्याजवळ सुनेबद्दल कुरकुरते, पत्नी तुमच्याजवळ आईबद्दल. तुम्ही दोघींना "जाऊ दे ना" म्हणता. दोघींनाही वाटतं, हा तिच्या बाजूचा. गॉटमन यांच्या पाहणीत जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाहीत. दोन बायकांचं एक स्वयंपाकघर हा मला त्यातलाच प्रश्न वाटतो. तो कायमचा मिटवण्याच्या मागे लागू नका. मात्र तुमचा त्यातला वाटा नक्की बदलता येईल.

एक म्हणजे, आईशी बोलताना "तिला आवडत नाही" हे शब्द वापरणं आजपासून बंद. पत्नी सकाळी सातला शाळेत जाते आणि डब्यावरून रोज बोलणं होतं, असं समजा. "आई, हिला तू बोललेलं लागतं" म्हणालात की सून दोषी ठरते आणि दुपारी घरात तणाव दुप्पट होतो. "आई, सकाळी डब्यावरून कुणी काही बोललेलं मला नको आहे. उद्यापासून माझा डबा मी भरणार" हे तुमचं वाक्य झालं. मुलगा स्वतःच्या नावाने बोलला की आईला राग आला तरी तो मुलाचा येतो आणि मुलाचा राग आई धरून बसत नाही. तसंच पत्नीजवळ आईची वकिली थांबवा. "तिचं वय झालंय, समजून घे" हे वाक्य घराघरातल्या सुनांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्यापुढे बोलणंच संपतं. त्याऐवजी, "तुला आज फारच लागलेलं दिसतंय" एवढंच म्हणून थांबा. असं म्हटल्याने आईवर अन्याय होत नाही.

आणि आईचं काम तुम्ही करा. औषधांची डबी आठवड्यातून एकदा भरणं, डॉक्टरांची वेळ घेणं, तपासणीला घेऊन जाणं. मुलगा असताना हे सुनेकडे का गेलं, याचा विचार फार घरांत होतच नाही. आईंच्या बाजूनेही बघा. त्यांचा जोडीदार गेला, स्वतःचं घर सुटलं, आपल्या हातचं स्वयंपाकघर गेलं आणि ज्याच्याकडे आल्या तो मुलगा घरी आल्यावर बोलत नाही. त्यांची बरीचशी कुरकुर म्हणजे हे दुःखच आहे. रोज दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसून वडिलांबद्दल काही विचारा. भजनी मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आसपास असेल, तर पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः सोडून या. वयस्क माणूस नव्या ठिकाणी एकटा जात नाही.

घरी आल्यानंतरच्या वेळेसाठी मोठा बेत आखू नका. प्रवासाने तुम्ही थकलेले असता, हे खरंच आहे. हातपाय धुवा, चहा घ्या, पंधरा मिनिटं कुणी काही विचारू नये असं मोकळेपणी सांगा. त्यानंतर वीस मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि तुम्ही स्वयंपाकघरात. काकडी चोचवत, ताटं घेत बोला. विषय एकच: आज दिवसभरात बाहेर काय झालं, तुमचं आणि त्यांचं. मुख्याध्यापकांबद्दल त्या तक्रार करत असतील, तर मुख्याध्यापकांची बाजू समजावून सांगू नका, उपायही सुचवू नका. तुम्ही आपल्याच बाजूचे आहात हे कळणं त्यांना पुरतं. तुम्हालाही तेच पुरेल.

झोपेबद्दल थोडक्यात. जाग आली की घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप लागणार नाही असं वाटलं, तर अंथरुणात तळमळत पडू नका. हॉलमध्ये आई झोपत असतील तर स्वयंपाकघरात मंद दिव्यात काहीतरी साधं वाचत बसा आणि डोळे जड झाले की परत जा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचाराचा पाया आहे. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, ही सवय त्याने मोडते. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, मग घरी आल्यावरच्या चहाऐवजी सरबत किंवा ताक घ्या. झोपेसाठी म्हणून दारू घेत असाल तर ती आधी थांबवा. तिने लवकर डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते. रोज घेत असाल तर मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून. आणि रात्री येणारे नोकरीचे विचार दिवसा एका ठरावीक वेळेत बसवा. काळजीला रोज अर्धा तास नेमून द्यायचा हा उपाय मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये तपासला होता. तुम्ही सीएसएमटीला गाडी पकडता, म्हणजे बसायला मिळायची शक्यता आहे. ठाणे येईपर्यंत उद्याच्या काळज्या वहीत लिहा, प्रत्येकीसमोर उद्या करण्यासारखं एखादं काम लिहा आणि वही बंद करा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असा त्रास तीन महिने चालू असेल, तर उपचार घ्या. गोळीच्या आधी वर्तन बदलण्याचा उपचार करून पाहावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली आहे.

दोन शब्द तुमच्या पत्नीसाठी. हे उत्तर त्यांना वाचायला द्या, पण शनिवारचं बोलणं झाल्यावर. ताई, ते वीस मिनिटं मागून खाली गेले तर त्या वेळात मागोमाग जाऊ नका, फोन करू नका. त्या वीस मिनिटांत ते पळत नसतील, परत येण्याच्या लायकीचे होत असतील. आणि विषय काढताना "तुम्ही नेहमीच" याऐवजी आजची एक घटना सांगा: "आज डॉक्टरांकडे मीच एकटी गेले, मला फार एकटं वाटलं." वादाची पहिली काही मिनिटं कशी जातात, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमचा राग खोटा नाही. एका कमावत्या बाईने घर, शाळा, सासूबाई आणि मुलाची येणारी दहावी एकाच वेळी सांभाळली की तो येणारच.

यातलं काहीही लागू न होणारी घरं असतात, तेही सांगायला हवं. जिथे हात उगारला जातो, पैसे काढून घेतले जातात, एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे "सांगून जा आणि परत या" असे सल्ले उपयोगाचे नाहीत. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. तसंच आठवडेच्या आठवडे मुद्दाम धरलेला अबोला, समोरच्याला शिक्षा म्हणून, हा तुमच्या गप्प बसण्यापेक्षा अगदी वेगळा प्रकार आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहिलं, कशातच रस उरला नाही, भूक गेली, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार आले तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा किंवा १४४१६ला फोन करा. ती केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. फोन चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

जोडीने समुपदेशनाला जायचं ठरलं, तर पहिल्या भेटीत समुपदेशकांना त्यांचं शिक्षण आणि जोडप्यांबरोबरच्या कामाचा अनुभव विचारा, संकोच करू नका. पत्नी यायला तयार नसतील तर "तू येत नाहीस म्हणून काही बदलत नाही" असं म्हणू नका, एकटे जा. हे चक्र दोघांनी मिळून चालतं, त्यामुळे एकाने आपली पावलं बदलली तरी दुसऱ्याला आपली बदलावी लागतात. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत दुसरा जोडीदार स्वतःहून येतो, निदान "माझ्याबद्दल तिथे काय बोलता" हे बघायला तरी.